आतून उजळणारं फुगवायचं बदक आणि रात्रीचा किनारा: सात महिन्यांच्या फोटोंनंतर

बदक चांगलं आहे, त्यातला दिवा नाही. सात महिने झाले तरी तक्रार तीच आहे, म्हणून आधी तीच मांडतो. एक मीटर उंचीचं दुधी पीव्हीसी, तळाच्या रुंद झाकणात बसणारा तीन पेन्सिल सेलचा एलईडी गोळा आणि सोळा रंगांचा रिमोट, असं हे रात्री किनाऱ्यावर ठेवून फोटो काढायचं बदक. डोळ्यांना प्रकाश अगदी स्थिर वाटतो. पण शटर सेकंदाच्या १/२५० ला ठेवून फोटो काढला की बदकाच्या अंगावर आडवे पट्टे उमटतात. नारंगी रंग लावला तर पट्टेही दोन रंगांचे, एक लाल आणि एक पिवळट. विक्रेत्याने आधी दोष कॅमेऱ्यावर ढकलला, मग गोळा बदलून दिला. नव्या गोळ्यातही तेच पट्टे.

हा बिघाड नाही, तो गोळा तसाच बनवलेला आहे. प्रकाश कमी करण्यासाठी तो एलईडीला वीज कमी देत नाही, भराभर चालू-बंद करतो. मोबाइलचा आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एकेक ओळ करून वाचतो. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना. नारंगीत लाल एलईडी पूर्ण पेटलेला असतो आणि लुकलुकतो फक्त हिरवा, म्हणून हिरवा पेटलेल्या ओळी पिवळट आणि विझलेल्या ओळी लाल.

गोळा किती वेगाने लुकलुकतो ते घरीच मोजता येतं. खोलीत अंधार करून गोळा बदकाबाहेर काढा, रिमोटने मंद करा आणि दोन-तीन मीटर लांब ठेवा. शटर १/१० ला ठेवून कॅमेरा झपकन आडवा फिरवत फोटो घ्या. प्रकाश स्थिर असेल तर अखंड रेघ येते, लुकलुकता असेल तर ठिपक्यांची माळ. ठिपके मोजून दहाने गुणा. या गोळ्याचे बावीस आले, म्हणजे सेकंदाला साधारण २२०. तेवढ्यात १/१५ च्या एका फोटोत चौदा-पंधरा लुकलुकी मावतात. एका ओळीत चौदा पडल्या आणि शेजारच्या ओळीत पंधरा, तरी फरक सात टक्क्यांच्या आसपास, आणि तो नजरेला जाणवत नाही. म्हणजे १/१५ किंवा त्याहून संथ शटर ठेवला की पट्ट्यांचा प्रश्न मिटायला हवा.

पण किनाऱ्यावर वारा असतो. बदकाचं बूड वाळूवर बसलेलं असतं आणि मान डोलत राहते. १/८ ला चोच दुहेरी येते, १/२ ला डोळ्याचा काळा ठिपका नुसता डाग होतो. दिव्याला शटर संथ हवा आणि वाऱ्याला जलद, या पेचात पहिले तीन महिने निम्म्याहून जास्त फोटो वाया गेले. बुडाच्या कडेवरून वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या की अंग हलत नाही, मान तरीही हलतेच. मानेच्या मागच्या शिवणीला मासेमारीची बारीक पारदर्शक दोरी बांधून ती वारा येतो त्या बाजूच्या खुंटीला ताणली की डोलणं बरंच कमी होतं. त्याहून उपयोगी म्हणजे वेळ साधणं. दिवसाचे खारे वारे सूर्यास्तानंतर मंदावतात आणि मतलई वारे सुरू होण्याआधी मधे बऱ्याचदा शांत काळ मिळतो. आकाशात निळा संधिप्रकाशही तेव्हाच असतो.

चौथ्या महिन्यात दिव्याबद्दलचं मत निम्मं बदललं, तेही बटर पेपरमुळे. एलईडी पूर्ण प्रखरतेवर असेल तर हा गोळा लुकलुकतच नाही. वरचीच चाचणी पूर्ण प्रखरतेवर केली तर लाल, हिरवा, निळा आणि पांढरा या चारही रंगांत अखंड रेघ येते. तेव्हा रिमोटचं मंद करण्याचं बटण सोडून द्यायचं, गोळा पूर्ण पेटवायचा आणि त्यावर बटर पेपरचे एक-दोन थर गुंडाळायचे. प्रकाश कमी होतो, पट्टे जातात आणि बदकाच्या पोटात गोळ्यापाशी दिसणारा पांढराफट्ट गोल डागही पसरून मऊ होतो. नारंगी हवा असेल तर पांढऱ्या प्रकाशावर नारंगी जिलेटीन पेपर लावायचा. मग शटर १/६० ला नेला तरी अंग एकसारखं येतं. कागद बदक फुगवण्याआधीच लावावा लागतो, कारण नंतर झाकण उघडलं की सगळी हवा जाते. उरलेल्या ज्या बारा रंगछटांसाठी हा रिमोट जाहिरातीत मिरवतात, त्या फोटोच्या कामाच्या नाहीत हे मात्र कायम आहे.

आकडे सांगायचे तर सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी आयएसओ ४००, एफ/५.६ आणि १/८ ते १/४ या टप्प्यात बदक आणि आकाश दोन्ही सांभाळले जातात. काळोख पडल्यावर एका फोटोत दोन्ही बसत नाहीत. एक बदकासाठी आणि एक आकाशासाठी असे दोन घेऊन नंतर जोडावे लागतात. निळ्या रंगाशी जपून राहा. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख, उजळपणावर चालतो आणि उजळपणात निळ्याचा वाटा फार थोडा असतो. त्यामुळे हिस्टोग्राम मधोमध दिसत असताना निळ्या रंगाची नोंद केव्हाच काठोकाठ भरून गेलेली असते. बदकाच्या शिवणी आणि पंखाचा उठाव त्यात पुसला जातो, आणि मग रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येही) परत मिळत नाही. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा बघा आणि निळ्यासाठी प्रकाश एक-दीड स्टॉप कमीच ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). उजळलेल्या गुळगुळीत पोटावर ऑटोफोकस चाचपडत राहतो. मॅन्युअल फोकसवर मानेची शिवण कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून धारदार करा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर रात्री काढूनच ठेवा, नाहीतर फ्रेमच्या विरुद्ध बाजूला बदकाची एक फिकट प्रतिमा तरंगताना दिसते.

हवेबद्दल दोन गोष्टी. दुपारी ३५ अंशांत टम्म फुगवलेलं बदक रात्री २५ अंशांवर आलं की आतल्या हवेचं आकारमान सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. डोळ्यांना ते कळत नाही, पण आतून प्रकाश असल्याने मानेखालची प्रत्येक सुरकुती काळ्या रेघेसारखी उठून दिसते. म्हणून संध्याकाळीच, वाळूवर ठेवल्यावर, शेवटची हवा भरा. तोंडाने तर मुळीच फुगवू नका. श्वासातली वाफ रात्री आतल्या बाजूला दवासारखी जमते आणि पोटावर ढगाळ चट्टे पडतात, ते कापडाने पुसायची सोय नाही. पाचव्या महिन्यात मानेची शिवण बोटभर उसवली. झटपट चिकटणारा गोंद सुकून कडक होतो आणि पीव्हीसी वाकलं की तडकतो. पीव्हीसीचंच ठिगळ आणि त्यासाठीचा विनाइल गोंद वापरा, वर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. ठिगळ प्रकाशात गडद दिसतं, म्हणून तेवढी बाजू कॅमेऱ्यापासून फिरवून ठेवायची.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो, त्यात प्रतिबिंब सुंदर पडतं. कॅमेरा गुडघ्याखाली आणा. नजरेचा कोन जितका सपाट तितकं प्रतिबिंब ठळक. पोलरायझर, म्हणजे चकाकी गाळणारा फिल्टर, लावला तर तेच फिकं पडू शकतं. ट्रायपॉडचे पाय आधीच वाळूत दाबून घट्ट बसवा, कारण लाटेचं पाणी परतताना पायांखालची वाळू काढून नेतं आणि चार सेकंदांच्या फोटोत तेवढं खचणंही दिसतं.

सेलमध्ये काटकसर फायद्याची ठरली. साधे अल्कलाइन सेल उतरत जातात तसा पांढरा रंग लालसर होत जातो, कारण निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला २ पुरतात. पहिल्या आणि शेवटच्या फोटोतलं बदक मग एकाच रंगाचं राहत नाही. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे प्रकाश थोडा कमी. पण उतरेपर्यंत व्होल्टेज जवळपास स्थिर राहतं, म्हणून रंगही टिकतो.

बदक पाण्यात सोडून फोटो काढायचा मोह होतोच. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि इतकं हलकं खेळणं बघता बघता हाताबाहेर जातं. अंधारात त्याच्यामागे पाण्यात शिरू नका. घोट्याएवढ्या पाण्यातही आधी दोरी बांधा. आणि जिथे समुद्री कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर विणीच्या काळात हे बदक पेटवूच नका. नुकती बाहेर आलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात, आणि त्यांनी जायचं असतं समुद्राकडे.

परतल्यावर बदक गोड्या पाण्याने धुवा आणि सेल काढून झाकण उघडं ठेवून वाळवा. या गोळ्यात सेलची स्प्रिंग सहाव्या महिन्यात गंजली. बारीक सँडपेपरने घासल्यावर दिवा पुन्हा लागला, पण झाकणाचं रबरी कडं आता सैल झालंय आणि ते सुटं मिळत नाही.