एडिंबरा प्रश्नावली, बापाच्या हाती दिल्यावर

बाळंतिणीच्या नैराश्याची चाचपणी करण्यासाठी 1987 साली कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी आणलेली ही प्रश्नावली. दहा प्रश्न, गेल्या 7 दिवसांबद्दलचे, प्रत्येकी 0 ते 3 गुण, पाचेक मिनिटांचं काम. मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण सांभाळणाऱ्या प्रशिक्षित सुईणी, काही ठिकाणी ती आता बापालाही देतात. चालते, पण जशीच्या तशी नाही.

आईसाठी बऱ्याच ठिकाणी 13 गुणांना पुढची तपासणी सुरू होते. तोच आकडा बापाला लावला, तर खरे त्रासलेलेही चाळणीतून निसटतात. ऑस्ट्रेलियातल्या 2001 च्या अभ्यासात पुरुषांसाठी 6 गुणांची रेघ योग्य ठरली, चिंताविकारही धरून. यात नवव्या प्रश्नाचा हात आहे: रडू येतं का? पुरुष तिथे सहसा कमीच गुण देतात. बेरीज करतानाही जपा. 1, 2 आणि 4 या प्रश्नांच्या उत्तरांच्या पर्यायांचे गुण वरून खाली 0 ते 3 असे चढतात, उरलेल्या सातांचे 3 वरून 0 कडे उतरतात. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की आकडा पार फसवा येतो.

खरी गोची वेगळीच. कागद दोघांसमोर दिला की बाप आधी बायकोकडे बघतो, मग खूण करतो. बाळाचं वजन आत चाललेलं असताना त्याला बाहेर एकट्याला गाठावं. दुपट्याची घडी घालता घालता माणूस जे बोलतो, ते समोरासमोर बसवून निघत नाही.

चिडचिड, वाढलेली दारू, उगाच लांबवलेलं काम, बाळाला उचलायची टाळाटाळ यांतलं काहीच या दहा प्रश्नांत थेट येत नाही. ते तोंडीच विचारायचं. आमच्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न एकच: "बाळ झोपलेलं असतं तेव्हा तुम्हाला झोप लागते का?" नाही म्हणाला, तर हे नुसतं जागरण नव्हे.

दहाव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, "कधीच नाही" सोडून कुठलीही खूण असेल तर बेरजेकडे बघत बसू नका. काय मनात आहे, कसं करणार होता, ते स्पष्ट विचारा. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वेळेचाही घोळ आहे. मिडवाइफच्या भेटी काही आठवड्यांत संपतात, आणि 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका मोठ्या संकलनात बापांमधलं नैराश्य बाळाच्या 3 ते 6 महिन्यांत सर्वाधिक आढळलं. म्हणून पहिला कागद स्वच्छ आला तरी दुसरा लसीकरणाच्या भेटीत भरून घ्यावा.

आणि हे गुण आईच्या फाइलच्या कोपऱ्यात खरडू नका. तिथे ते हरवतात, नाहीतर नको त्याच्या नजरेला पडतात. बापाचा कागद वेगळा, त्याला विचारून, त्याच्याच डॉक्टरकडे.