डग्ग्यावर नक्षी कोरायचं ‘घरबसल्या काम’: माझे पैसे कसे गेले

‘डग्ग्याच्या भांड्यावर हाताने नक्षी कोरायला शिका, तयार माल आम्हीच परत घेऊ’ अशी जाहिरात तुमच्यापर्यंत आली असेल तर एक रुपयाही भरू नका. माझे 12,500 रुपये त्यात गेले. मी तबला शिकवते, हे काम शिकायची माझी इच्छा खरी होती. हे लोक नेमकी अशीच माणसं हेरतात.

रकमेला त्यांनी ‘अनामत’ म्हटलं होतं. बदल्यात ग्रेव्हरचा (धातूवर रेघ कोरायच्या टोकदार हत्याराचा) संच, सरावाचे पितळी पत्रे, काही व्हिडिओ आणि क्रोम केलेली डग्ग्याची भांडी आली. प्रत्येक भांड्यामागे 1,800 रुपये मिळणार होते. मी माल पाठवला तर उत्तर आलं, ‘रेषांची खोली एकसारखी नाही, माल नापास.’ आता आणखी 6,000 भरून ‘प्रगत प्रशिक्षण’ घ्या, नाहीतर करारातल्या अटीनुसार अनामत जप्त. मी नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी नंबर बंद झाला. त्यांच्याकडे गिऱ्हाईक कधी नव्हतंच. माल नापास करणं हाच त्यांचा धंदा.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका ज्येष्ठ कारागिरांना सगळा संच दाखवला. त्यांनी ग्रेव्हरवर कानस फिरवली. “ताई, याला पाणीच दिलेलं नाही. कानस बघा कशी धरतेय.” पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेल्या, चांगल्या पोलादावरून कानस घसरते, हे मात्र सहज खरवडलं जात होतं. अशा हत्याराची धार पितळावर चार रेघांत बोथट होते आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात वाईट. मग त्यांनी पत्र्याला लोहचुंबक लावलं, ते घट्ट चिकटलं. पितळ चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे पत्रा लोखंडी, वर नुसता पितळेचा मुलामा.

सगळ्यात संताप आला तो भांड्यांचा. क्रोम अतिशय कठीण असतं. त्यावर ग्रेव्हर सटकतो, टोक तुटतं, मुलाम्याचे टवके उडतात. कोरीवकाम आधी आणि मुलामा नंतर, असाच क्रम असतो. म्हणजे नवशिक्याकडून ते काम नीट होऊच नये, अशीच भांडी त्यांनी दिली होती. हत्यार सटकलं की ते समोरच्या हातात घुसतं, याचीही त्यांना पर्वा नव्हती. काम करताना दुसरा हात टोकाच्या समोर कधीही ठेवू नका आणि डोळ्यांवर चष्मा लावा. व्हिडिओत हे कुठेच नव्हतं.

जाहिरातीतले फोटोही त्यांचे नव्हते. काही फोटो अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या कॉन कंपनीच्या जुन्या सॅक्सोफोनचे होते. तिथले कारागीर सपाट टोकाचा ग्रेव्हर डावी-उजवीकडे झुलवत पुढे नेत, त्यातून बारीक नागमोडी रेघ उमटते. बाकीचे फोटो लेझरच्या कामाचे. फरक ओळखता येतो: हाताने कापलेली रेघ बारीक सुरू होऊन मध्ये रुंदावते आणि उजेडात आतून चकाकते, लेझरची रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची आणि तळाशी मंद असते. फोटो मोठा करून एवढं तरी बघाच.

खरोखर शिकायचं असेल तर सुरुवात डग्ग्यावर करू नका. एक मिलिमीटर जाडीचा साधा पितळी पत्रा घ्या. तांबं मऊ असलं तरी चिकट, ते नंतर. ग्रेव्हरचं तोंड साधारण 45 अंशांत घासायला शिका. निम्मी विद्या धार लावण्यातच आहे. सरळ रेघा, मग वळणं. गोल भांडं वाळूच्या पिशवीवर टेकवून फिरवायचं असतं, तेही पुडी (वरचं चामडं) आणि ती ताणून धरणाऱ्या वाद्या काढल्यावर. आणि शिकवणाऱ्याला समोर बसून, तुमच्या डोळ्यांदेखत एक रेघ कापून दाखवायला सांगा. खरा कारागीर आनंदाने दाखवतो. काम देणाराच तुमच्याकडे अनामत मागत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. ग्राहक म्हणून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. मी दोन्हीकडे नोंदवली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. कुरिअरची पावती, व्यवहार क्रमांक आणि सगळे संदेश जपून ठेवा. नंबर बंद झाल्यावर माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच उरलं होतं.