अ‍ॅलन हॉलमधील ‘युनिट वन’: जिथे वर्गही वसतिगृहातच भरतो

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी निघालेला विद्यार्थी आणि त्याचे आईवडील राहण्याची जागा ठरवताना बहुधा खोलीचा आकार, खर्च आणि स्वतंत्र स्नानगृह एवढेच पाहतात. या निकषांवर इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील अ‍ॅलन हॉल यादीत वर येण्याची शक्यता कमीच, कारण ते पारंपरिक धाटणीचे वसतिगृह आहे: लांबलचक कॉरिडॉर, बहुतेक खोल्या दोघांच्या आणि मजल्यावर सामाईक स्नानगृहे. तरीही माझे पहिले वर्ष तिथे गेले याचा मला आनंद आहे आणि ओळखीतल्या मुलामुलींना मी आजही हीच जागा सुचवतो. त्याचे कारण म्हणजे या इमारतीतला ‘युनिट वन’ हा निवासी अध्ययन समूह (लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी), म्हणजे समान आवडीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहून शिकण्याची व्यवस्था. अशा समूहाला तिथले विद्यार्थी नुसते ‘एलएलसी’ म्हणतात.

या विद्यापीठात असे समूह अनेक आहेत. विज्ञान व अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींसाठी वेगळा, नवउद्योगाची आवड असणाऱ्यांसाठी वेगळा, विषय अजून न ठरलेल्यांसाठी वेस्टन हॉलमध्ये आणखी एक. ‘युनिट वन’ त्यांतला सर्वांत जुना, 1972 पासून चालत आलेला, आणि त्याचा कल कला, समाज व सर्जनशील कामाकडे आहे. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर माइकलजॉन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात 1927 ते 1932 या काळात चालवलेल्या प्रायोगिक महाविद्यालयात विद्यार्थी अ‍ॅडम्स हॉल या वसतिगृहात एकत्र राहत आणि तिथेच शिकत. प्रयोग पाच वर्षांत बंद पडला, पण शिक्षण आणि निवास एका छताखाली आणण्याचा त्यांचा आग्रह पुढे अनेक विद्यापीठांनी वेगवेगळ्या रूपांत उचलला.

अ‍ॅलन हॉलमध्ये हे प्रत्यक्षात कसे चालते, ते सांगितले पाहिजे. इमारतीतच वर्गखोल्या आहेत आणि तिथे पदवीसाठी श्रेयांक (क्रेडिट) मिळणारे अभ्यासक्रम शिकवले जातात. मुख्य आवारातील प्राथमिक विषयांच्या व्याख्यानाला शेकडो विद्यार्थी असतात. तिथे प्रश्न विचारायला हात वर करणे माझ्यासारख्या, शाळेत फक्त विचारल्यावरच बोलण्याची सवय लागलेल्या मुलाला जवळजवळ अशक्य होते. वसतिगृहातल्या वर्गात मात्र समोर बसलेली मुलगी सकाळी न्याहारीला त्याच टेबलावर असे आणि रात्री कपडे धुवायला त्याच लाँड्रीत भेटे. तिने माझ्या निबंधातील एका विधानाला वर्गात हरकत घेतली तेव्हा तास संपला, पण वाद संपला नाही. तो जेवणाच्या रांगेत, मग जिन्यात, मग लाउंजमध्ये चालू राहिला आणि निबंधाचा दुसरा मसुदा त्या वादातूनच तयार झाला. माझ्या मते या जागेचे खरे मोल इथे आहे. समूहाचा विषय कोणता, यापेक्षा वर्गातील माणसे आणि शेजारी एकच असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे निवासी पाहुण्यांचा उपक्रम. कलावंत, कार्यकर्ते, अभ्यासक असे पाहुणे काही दिवस याच इमारतीत राहतात आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी सत्रे घेतात. माझ्या वर्षी आलेल्या एका मुद्राचित्रकाराने (कोरलेल्या ठशांवरून चित्रे छापणाऱ्या कलावंताने) आम्हाला लिनोलियमचे तुकडे आणि कोरण्या देऊन बसवले. कोरणी नेहमी स्वतःपासून दूर चालवायची आणि रेघ वळवायची असेल तर हात न वळवता तुकडा फिरवायचा, हे त्यांनी प्रत्येकाच्या शेजारी उभे राहून शिकवले. संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला असे शिकायला दुसरीकडे कुठे मिळाले असते, असे वाटत नाही. मातीकामाची खोली, छायाचित्रांसाठी डार्करूम आणि संगीताच्या सरावाच्या खोल्याही इमारतीतच आहेत, त्यामुळे पाहुणा गेल्यावरही हात चालू ठेवता येतो.

जेवणाबद्दल थोडक्यात: शाकाहारी विद्यार्थ्याची आबाळ होत नाही. माझ्या वेळी शेजारच्या लिंकन अ‍ॅव्हेन्यू हॉलमध्ये दुपारी केवळ शाकाहारी जेवण मिळे आणि आम्ही काहीजण तिथे नेमाने जात असू.

पारंपरिक वसतिगृह म्हटले की काही गोष्टी गृहीत धराव्याच लागतात, मग ते कोणत्याही विद्यापीठाचे असो. रूममेटच्या झोपेच्या वेळा सांभाळाव्या लागतात, स्नानगृहात जाताना चपला आणि सामानाची जाळीदार टोपली न्यावी लागते, आणि एकांत हवा असेल तर ग्रंथालय गाठावे लागते. स्वतंत्र स्नानगृहांच्या नव्या इमारतींत हे त्रास नाहीत; पण तिथे दार लावून घेतले की शेजारी कोण राहतो हे कळायला अनेक आठवडे लागतात, हे मी मित्रांकडे पाहिले आहे. सामाईक बेसिनपाशी दात घासताना झालेल्या ओळखींना मी म्हणूनच गैरसोय मानत नाही.

ज्याला शांतपणे आपला अभ्यास करून झोपायचे आहे, त्याने मात्र ही जागा घेऊ नये. समूहासाठी निवासखर्चाव्यतिरिक्त वेगळे शुल्क द्यावे लागते आणि सत्रांना गेलेच नाही, तर ते वाया जाते. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षी वसतिगृहात कोणते अभ्यासक्रम आहेत ते पाहावे आणि ते आपल्या पदवीच्या सर्वसाधारण शिक्षणाच्या अटींत (मुख्य विषयाबाहेरचे जे अभ्यासक्रम सर्वांनाच घ्यावे लागतात, त्यांत) धरले जातील का, हे शैक्षणिक सल्लागाराला लेखी विचारून घ्यावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तर हे नक्की करावे, कारण त्यांच्या वेळापत्रकात मोकळे तास फार कमी असतात.