दहावीचे गुण की तोंडी बसलेली भाषा? जर्मन-जपानीच्या वर्गात नाव घालण्याआधी

दहावीचा निकाल लागला की नागपुरात दोन तऱ्हेची मुलं परकीय भाषेच्या वर्गाची चौकशी करतात. एकाला संस्कृतात ९५, पण अनोळखी माणसासमोर इंग्रजीचं एक वाक्य पुरं होत नाही. दुसरा इतवारीच्या बाजारात हिंदीतून घडाघडा भाव करतो आणि हिंदीच्या पेपरात ५५वर अडतो. जर्मन कोणाला जमेल? नुसती गुणपत्रिका पाहून सांगितलं तर चुकतं, ती बाजूला सारली तरीही चुकतं.

राज्य मंडळाच्या दहावीत भाषेचे ८० गुण लेखी आणि २० शाळेच्या हातात. तोंडी परीक्षा आपलेच शिक्षक घेतात, विषयही ओळखीचे, त्यामुळे मुलामुलांत फरक पडतो तो मुख्यतः लेखीत. तिथे पाठ ठाऊक, प्रश्नांचा साचा ठाऊक, निबंध घोकलेला. संस्कृतात काही उत्तरं माध्यमभाषेत लिहिता येतात, म्हणजे उतारा कळला हे मराठीतूनच दाखवायचं. कानाने ऐकून लगेच उत्तर द्यायची वेळ जवळजवळ येतच नाही.

तरी हे गुण पोकळ नाहीत. ‘देवः’ कर्माच्या जागी ‘देवम्’ होतो हे ज्याच्या हाडीमाशी भिनलं आहे, त्याला जर्मनचा ‘डेअर मान’ (माणूस) कर्म झाल्यावर ‘डेन मान’ का होतो हे वेगळं समजवावं लागत नाही. जर्मनमध्ये विभक्ती ४च आहेत. लिंगं मराठीसारखीच तीन, पण इथे मराठीवर विसंबू नये: आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा ‘डी झोने’ स्त्रीलिंगी. म्हणून नाम वहीत एकटं लिहायचंच नाही, ‘डेअर-डी-डास’ या लिंग दाखवणाऱ्या शब्दांसकट लिहायचं.

इतवारीतल्या मुलाचं ‘मेरे को जाना है’ पेपरात कापलं जातं, कारण तिथे ‘मुझे’ हवं. पण त्याच्याकडे एक मोठी गोष्ट आहे: शब्द सापडला नाही तरी तो थांबत नाही, वळसा घालून अर्थ पोचवतो. वर्गात हे सहसा शिकवून येत नाही. त्याचा धोका असा, की अर्थ पोचला म्हणजे झालं असं समजून तो प्रत्यय गाळतो, आणि ती सवय पक्की झाली की पुढच्या पातळीवर मोडायला फार जड जाते.

आता बाहेरच्या परीक्षा काय मोजतात ते पाहा. गोएथे संस्थेची (आपल्याकडचं माक्स म्युलर भवन) जर्मन ए१, म्हणजे सर्वांत पहिल्या पातळीची परीक्षा: ऐकणं २० मिनिटं, वाचन २५, लेखन २०, बोलणं १५. चारही भागांना २५-२५ गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. म्हणजे वाचन-लेखनात पैकीच्या पैकी मिळवले तरी ५०च होतात. घोकंपट्टीवर ९५ आणणारा नेमका इथे अडकतो. जपानीच्या एन५चं, म्हणजे तिथल्या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेचं, गणित निराळं: १८०पैकी ८० हवेत, त्यात ऐकण्याच्या ६०पैकी किमान १९. मात्र त्यात बोलण्याची परीक्षाच नाही. तेव्हा एन५चं प्रमाणपत्र पाहून कोणी जपानी बोलतो असं धरू नका.

वर्गाची फी भरण्याआधी इंग्रजीत किंवा हिंदीत, म्हणजे शिकलेल्या पण घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत, एक चाचणी घ्या. तासाभराचं काम आहे. ५ मिनिटांचं बातमीपत्र एकदाच ऐकवा आणि कोण, कुठे, केव्हा, किती असे पाच तपशील लिहायला सांगा. मग न सांगितलेला विषय, तयारीला १ मिनिट, बोलायला २ मिनिटं, फोनवर ध्वनिमुद्रण. नंतर अनोळखी मजकुराचं अर्धं पान. शंभर शब्दांत पाचाहून जास्त अडले तर अर्थाचा धागा सुटतो. शेवटी ‘तीन दिवस नळाला पाणी नाही’ अशी ८० शब्दांची तक्रार, २० मिनिटांत, फोन बाजूला ठेवून. ‘माझा आवडता मित्र’ देऊ नका, तो पाठ असतो. आणि मूल बोलत असताना आईबाबांनी मधेच चूक सुधारू नये; तिथेच जीभ आखडते आणि चाचणी वाया जाते.

गुण चांगले पण ऐकण्यात पाचपैकी दोनच तपशील आले, तर जर्मन जरूर घ्या, फक्त जिथे पहिल्या आठवड्यापासून वर्गात बोलायला लावतात तो वर्ग निवडा आणि घरी रोज २० मिनिटं ऐकणं ठेवा. बोलणं सफाईदार पण तक्रारीत वाक्यं मोडलेली, तर संभाषण वर्गाच्या जाहिरातीला भुलू नका. गृहपाठ तपासून परत देणारा शिक्षक शोधा. अकरावीत जर्मन-फ्रेंच निव्वळ टक्क्यांसाठी घ्यायची असेल, तर दहावीचे गुण पुरेसा अंदाज देतात, कारण बारावीतही ८० लेखी, २० तोंडी हीच विभागणी आहे. नोकरी किंवा परदेशी शिक्षणासाठी घ्यायची असेल, तर चाचणीतल्या त्या २ मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला जास्त वजन द्या.