लोकमान्य नगरची पिठाची चक्की, पट्ट्याला जाळी आहे!

चार स्टार. इंदूरला या भागात राहत असाल तर दळण इथेच द्या. शरबती गव्हाचं पीठ पोळीला हवं तसं बारीक, बाफल्याचं (बाटीसारखा इकडचा पदार्थ) म्हटलं की बरोब्बर जाडसर काढून देतात, आणि मिरचीनंतर लगेच भाजणी कधीच टाकत नाहीत. पण मी मुद्दाम इथे जाते ती जाळीसाठी.

मोटरपासून चक्कीच्या पुलीपर्यंत अख्खा पट्टा लोखंडी जाळीत बंद केलाय, बोटसुद्धा आत जाणार नाही इतकी बारीक, आणि बोल्टने पक्की आवळलेली, म्हणजे अडचण होते म्हणून कोणी काढून ठेवली असं होत नाही. बंद करायचं लाल बटण पीठ भरणाऱ्याच्या हाताशी. तो दादा अंगाबरोबरचा टीशर्ट घालतो, गळ्यात गमछा नाही, थंडीत मफलर पण नाही. परवा एका मुलीची ओढणी लोंबत होती तर मालक आतूनच ओरडले, "बेटा, पहले चुन्नी बाँध, फिर डब्बा दे."

माझ्या आत्याचा पदर दुसऱ्या एका चक्कीवर उघड्या पट्ट्यात गेला होता, जोडाला लोखंडी क्लिपा असतात ना, त्यात अडकला. अशी मोटर मिनिटाला साधारण 1440 फेरे मारते, म्हणजे सेकंदाला 24, हात बटणापर्यंत जाईस्तोवर कापड गुंडाळून झालेलं असतं आणि सिंथेटिक साडी फाटत पण नाही, मग तोंडच ओढलं जातं. आत्याच्या गालाचं हाड आणि खालचा जबडा मोडला, भुवईपासून ओठापर्यंत टाके, दातांना तारा बांधलेल्या, खाणं म्हणजे नुसती पेज आणि वरणाचं पाणी. चेहऱ्याची नस दुखावली त्यामुळे एक डोळा अजूनही पूर्ण मिटत नाही, झोपताना मलम लावून पट्टी चिकटवावी लागते.

चालू मशीन तपासणाऱ्याने, त्याला तेल घालणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडेच घालायचे हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 22 मध्ये होतं, पण दोन माणसांच्या चक्कीला तो कायदा सहसा लागत नसे, म्हणून इथल्या मालकांनी कोणी न सांगता हा खर्च केला याचं मला फार मोल वाटतं.

रविवारी गर्दी असते, शनिवारी डबा ठेवून या. पाचवा स्टार एवढ्याचसाठी राखलाय की मागच्या बाजूला शाफ्टचं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचं, टोक अजून उघडंच आहे, चक्कीच्या दगडाला टाकीने खाचा पाडताना माणूस तिथेच वाकतो. मालकांना सांगितलंय, टोपी बसवून घेतो म्हणालेत. बसली की स्टार वाढवते.