तहकूब, संस्थगित की विसर्जित? बातमी लिहिताना कोणता शब्द घ्यावा

‘अधिवेशनाचे सूप वाजले’ हा मथळा सहसा चुकत नाही, कारण त्यात कायद्याचे काहीच सांगितलेले नसते. अडचण येते ती बातमीच्या पहिल्या ओळीत. तिथे शब्द निवडण्याआधी आदेश कोणाचा, एवढे पाहावे.

आदेश पीठासीन अधिकाऱ्याचा असेल, म्हणजे विधानसभेत अध्यक्षांचा आणि परिषदेत सभापतींचा, तर ‘तहकूब’. गोंधळामुळे दहा मिनिटे थांबलेले कामकाजही तहकूब आणि शेवटच्या दिवशी पुढची तारीख न देता उठलेले सभागृहही ‘अनिश्चित काळासाठी तहकूब’. गणपूर्ती नसली तरी हाच शब्द. गणपूर्ती म्हणजे एक दशांश किंवा १० सदस्य, यांपैकी जास्त असेल ते: महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत २९, गोव्याच्या ४० जणांच्या विधानसभेत १०. तहकुबीने सत्र, म्हणजे अधिवेशन, संपत नाही. अध्यक्ष सभागृह पुन्हा बोलावू शकतात, राज्यपालांच्या नव्या निमंत्रणाची गरज नसते. पंजाबात २२ मार्च २०२३ ला बेमुदत तहकूब झालेली विधानसभा अध्यक्षांनी १९ आणि २० जूनला बसवली. राज्यपालांनी त्या बैठकीच्या वैधतेवर शंका घेतली, पण १० नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अशा बातमीत ‘संस्थगित’ लिहिले तर सगळा वादच अनाकलनीय होतो.

‘संस्थगित’ हा राज्यपालांच्या आदेशाचा शब्द. संविधानाच्या मराठी पाठात यालाच ‘सत्रसमाप्ती’ म्हटले आहे, अनुच्छेद १७४. महाराष्ट्रात हा आदेश अनेकदा शेवटच्या दिवशीच सभागृहात वाचून दाखवतात, त्यामुळे तहकुबी आणि सत्रसमाप्ती एकच वाटतात. फरक अध्यादेशाच्या वेळी कळतो. दोन सभागृहे असलेल्या राज्यात दोन्हींचे सत्र चालू असेल तर अध्यादेश काढता येत नाही, आणि नुसते तहकूब झालेले सभागृह सत्रातच धरले जाते. एका सभागृहाचे सत्र संपले तरी वाट मोकळी होते. सत्रसमाप्तीने प्रलंबित विधेयके मरत नाहीत, सदस्यांच्या प्रलंबित सूचना मात्र बहुतेक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतात. ब्रिटनमध्ये उलट आहे: तिथे विधेयक पुढच्या सत्रात नेण्याची वेगळी सोय केली नसेल तर तेही जाते. म्हणून २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी करवलेल्या सत्रसमाप्तीची बातमी ‘संसद तहकूब’ या शब्दांत मावत नव्हती. दोन सत्रांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल, ती सहा महिन्यांची मुदत मात्र सत्रसमाप्तीच्या तारखेपासून नव्हे, शेवटच्या बैठकीपासून मोजायची. ही चूक स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत हमखास सापडते.

खरी पंचाईत अशी की ‘संस्थगित’ दुसऱ्या अर्थानेही रूढ आहे. १२ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा विधानसभा विसर्जित न करता नुसती गोठवून ठेवली होती, आणि त्यालाही ‘संस्थगित’ म्हटले गेले. आमचे मत: सत्राबद्दल लिहिताना ‘अधिवेशन संस्थगित’ असे पूर्ण लिहावे आणि राष्ट्रपती राजवटीत ‘विधानसभा संस्थगित ठेवली’. ‘अधिवेशन’ हा शब्द गाळला की वाचक फसतो.

‘विसर्जित’ फक्त विधानसभा होते. विधान परिषद स्थायी आहे, ती विसर्जित होत नाही. विसर्जनाने विधानसभेतली प्रलंबित विधेयके व्यपगत होतात, तसेच विधानसभेने मंजूर करून परिषदेकडे पाठवलेलीही. परिषदेत मांडलेले आणि विधानसभेने अजून मंजूर न केलेले विधेयक मात्र तरते. ‘बरखास्त’ सरकारासाठी ठेवावा: १७ फेब्रुवारी १९८० ला महाराष्ट्रात सरकार बरखास्त झाले आणि विधानसभा विसर्जित झाली.

‘निलंबित’ सदस्यांसाठी राखलेला बरा. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले होते. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन रद्द केले, म्हणजे तिथेही सत्र कधी संपले हाच प्रश्न आला. आणि ‘स्थगन प्रस्ताव’ पाहून ‘अधिवेशन स्थगित करण्याची मागणी’ असे लिहू नये. ठरलेले कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा घ्या, एवढेच त्यात मागितलेले असते.