विजयदुर्ग १७५६ : आधी पुण्याचे कागद पाहावेत की लंडनचे?

मराठी आरमारावर काम सुरू करायचे असेल तर विजयदुर्गाचा पाडाव घ्या, असे मी सुचवेन. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांनी समुद्रातून मारा केला, क्लाइव्हने किनाऱ्यावर फौज उतरवली आणि जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य होते. एकाच लढाईचे कागद निरनिराळ्या सरकारी दफ्तरांत पडले आहेत. सगळीकडे एकदम जाणे कुणालाच परवडत नाही.

मोडी येत असेल तर पुण्याचे पेशवे दफ्तर गाठा. आपल्याच आरमारी सरदारावर, विजयदुर्गाच्या तुळाजी आंग्र्यांवर, पेशव्यांनी इंग्रजांना का आणले, या जिव्हारी लागणाऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या पत्रव्यवहारातच शोधावे लागते. मोडी येत नसेल तर इतिहासकार गो. स. सरदेसायांनी या दफ्तरातून निवडून संपादलेले ४५ खंड बालबोधीत आहेत. सुरुवातीला तेवढे पुरतात. पत्रांवर इसवी सन नसतो. 'सीत खमसैन' (अरबी आकड्यांत लिहिलेले साल) आणि जमादिलावल या मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, दिसली की जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचे कोष्टक, उघडायची. जहाजांबद्दल मात्र पुण्यात फार काही हाती लागेल अशी आशा धरू नका.

जहाजांसाठी लंडनमधले क्यू. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रिटिश नौदलाच्या कप्तानांच्या रोजनिश्या आहेत. वारा, पाण्याची खोली, नांगर कुठे टाकला, अशा नोंदी त्यांत असतात. आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडून पकडलेले एक जहाज माऱ्यात पेटले आणि आग बाकीच्या गुराबा-गलबतांवर पसरली. त्या दुपारचा क्रम लावायचा तर या वह्यांना पर्याय नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्या काळी जहाजावरचा दिवस आदल्या दुपारी बारापासून मोजत. १२ फेब्रुवारीच्या दुपारचा मारा वहीत १३ तारखेखाली शोधावा लागतो. ही गोष्ट सुटली तर मराठी पत्रांशी मेळ कधीच बसणार नाही.

मुंबईत, काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, मुंबई सरकारची दफ्तरे आहेत. पेशव्यांचा कोकणातला अधिकारी रामाजी महादेव याच्याशी १७५५ मध्ये झालेला करार, किल्ला पडल्यावर तो पेशव्यांना देण्यावरून झालेली ओढाताण, हे सगळे इंग्रजीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही कंपनीची दफ्तरे आहेत, पण मुंबईहून विलायतेला गेलेल्या नकलांचा त्यांत मोठा भाग आहे. तेवढ्यासाठी विमानाचे तिकीट काढू नका. मोडी येत नसेल आणि खर्चाला मर्यादा असेल, तर माझे मत सरळ मुंबईच्या बाजूने.

पणजीचे पोर्तुगीज दफ्तर या लढाईपेक्षा कान्होजी आंग्र्यांच्या काळासाठी जास्त मोलाचे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. त्यावर काम करायचे तर पोर्तुगीज शिकायची तयारी हवी. आणि तारखा जुळवताना त्या काळचे इंग्रजी कागद पोर्तुगीज कागदांपेक्षा ११ दिवस मागे आहेत हे धरून चाला. इंग्रजांनी नवे कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारले.